आठवणीतला ण

८ जानेवारी १९६२, सोमवार

गुरुजी आज दोन वह्या देऊन गेले. एक वर्गाच्या हजेरीची. दुसरी कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाले, असू द्या राही आत्या, वर्गात काय घडलं ते टिपून ठेवा, वरून साहेब आले तर दाखवता येईल. साहेबांना दाखवण्याजोगं मी वेगळं लिहीन. ही वही मी माझ्यासाठी ठेवली.

वाडीतल्या बायांना शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण इथे अक्षर ओळखणारी बाई मी एकटीच. शाळेची पायरी मी कधी चढले नाही. तरण्या वयात माहेरी परत आले तेव्हा भावाबरोबर महाडला जायची. तिथे झकेरियाशेठच्या दुकानात त्यांचे वडील पुड्या बांधायचे, त्यांनी पुडीच्या कागदावरची अक्षरं मला एकेक करून सांगितली. जिऱ्याचा कागद, गुळाचा कागद. अजून छापील कागद हातात आला की आधी वास घ्यावासा वाटतो.

दुपारची भांडी झाल्यावर सात जणी आल्या. आमच्या पडवीत बसवल्या. प्रत्येकीला विचारलं, कशाला शिकायचं गो? बनुबाई म्हणाली, घरी बसून सासूचं तोंड बघन्यापेक्षा तुमचं बरं. साळूबाईला नाव घालता यायला हवंय, अंगठ्याची शाई दोन दिवस जात नाही म्हणून. साळूबाईची सून आवडी कोपऱ्यात बसली होती. तिला विचारलं तर मान खाली घालून म्हणाली, "मला पत्रं वाचायची हायत. आलेली."

आलेली सगळी पत्रं मीच तर वाचून दाखवली आहेत तिला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

११ जानेवारी

गुरुजींच्या पुस्तकात कमळ आहे, बदक आहे. बाया चित्र बघतात आणि कमळ म्हणतात. चित्रावर हात ठेवला की सगळ्या मुक्या. हे काही वाचणं नव्हे.

मग काल मी युक्ती केली. कागदाच्या पट्टीवर मोठ्या अक्षरात एक वाक्य लिहिलं, 'साळू भाकर करते', ते म्हणून दाखवलं आणि कात्री घेतली. डोक्यावरची रेघ कापताना जीव कचरला. लिहिलेलं कधी कोणी कापतं का? पण कापलं. सा, ळू, भा, क, र, क, र, ते. एकेक अक्षर सुटं. सुपात टाकून हलवलं आणि म्हटलं, आता लावा पुन्हा.

दोन घटका नुसता गोंधळ. बनुबाईने 'साळू रकभा' लावलं आणि स्वतःच हसत सुटली. पण दोन्ही क सारखे आहेत, दोन्ही र सारखे आहेत, हे त्यांना त्यांचं कळलं. मी सांगितलं नव्हतं.

माझी एक चूक झाली. पहिल्यांदा कापताना मी काने आणि मात्राही वेगळ्या कापल्या होत्या. सुपात नुसत्या उभ्या काड्या जमल्या. साळूबाईने एक काना उचलला आणि म्हणाली, ही कुनाची गो? कुणाचीच नाही, जिला लागेल तिची, हे मला सांगताच येईना. आता ठरवलंय, काना-मात्रा ज्याच्या त्याच्या अंगावर राहील.

सुटी अक्षरं ठेवायला पानांचे द्रोण लावले. एका अक्षराला एक द्रोण. वारा आला की उडतात म्हणून वर वालाचा एकेक दाणा. आज कोंबडीने दाण्याबरोबर एक भ पळवला.

१७ जानेवारी

मनात आहे ते लिहून टाकते.

आवडीचा नवरा गोमाजी मुंबईला गोदीत आहे. चौथी शिकलाय, पत्र स्वतः लिहितो. तीन वर्षांत अकरा पत्रं आली. भिकू पोस्टमन ती माझ्याच हातात आणून देतो, कारण वाचणार मीच. मग आवडी येते, उंबऱ्याशी बसते आणि मी वाचते. पहिलं पत्र असं होतं: आईचा खोकला कसा आहे. तांबड्या बैलाला पेंड घाल. छपराची मागली बाजू शाकारून घे. कळावे.

संपलं म्हणून मी थांबले. आवडी माझ्याकडे बघत राहिली. कागदाकडेसुद्धा नाही, माझ्या तोंडाकडे. अजून काहीतरी असेल म्हणून. मला ते बघवेना. माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि शेवटी लिहिलंय, तुझी आठवण येते."

तिने पत्र घेतलं, पदराच्या आत ठेवलं आणि उठून गेली. पण जाताना पाऊल कसं पडत होतं ते मी पाहिलं.

मग दुसऱ्या पत्राला वाचलं नसतं तर तिला वाटलं असतं, आता येत नाही आठवण. म्हणून दुसऱ्यालाही. अकराही पत्रांना. मला त्यात पाप कधी दिसलं नाही. भाजीत मीठ कमी असेल तर आपण घालतोच की वरून.

ती पत्रं तिने सगळी जपून ठेवली आहेत.

२५ जानेवारी

आवडी सगळ्यांत पुढे गेली. तिची नजर बारीक. आज तिनेच विचारलं, "आत्या, तुमी वाक्य कापता तवा मधे कागदाची एक कोरी कपटी पडते. ती टाकून देता. ती कशाची?"

मी म्हटलं, ती दोन शब्दांच्या मधली जागा. तिच्यावर काही लिहिलेलं नसतं.

"पन ती नसंल तर सगळं एकात एक घुसंल," ती म्हणाली. "मंग तीबी मोजायची." तिने कोऱ्या कपट्यांचा वेगळा द्रोण केला. मला साठी उलटल्यावर एवढं सुचलं नव्हतं.

मग हळूच म्हणाली, मला एक वाक्य कापून द्या. कुठलं ते सांगायची गरज नव्हती. तरी मी विचारलं. "तुजी आठवन येते."

मी म्हटलं, ते पुढे. अवघड अक्षरं आहेत त्यात.

तिने बोटांवर मोजलं. तु, झी, कोरी. आ, ठ, व, न, कोरी. ये, ते. दहा कपट्या. ठ तेवढा राहिलाय, बाकी सगळं मला येतं म्हणाली.

आज ठ शिकवला. नाही कसं म्हणणार?

२९ जानेवारी

जे व्हायचं ते झालं असं वाटलं होतं, पण वाचले.

आवडी सकाळीच पाण्याला जाताना हंडा घेऊन आली. रात्री अकराही पत्रं काढून बसली होती म्हणे. आ, ठ, व, न शोधत. एकातही नाही. तोंड एवढंसं झालं होतं.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी म्हटलं, "अगं बाई, आठवणीत न नसतो. ण असतो. आपण बोलताना न म्हणतो, पाणीला पानी म्हणतो, लिहिताना ण. तो मी तुम्हाला अजून शिकवलेलाच नाही. मग तुला सापडेल कसं?"

ती अशी हसली की हंडा कलंडला. "मी म्हनलं, माजंच काय चुकलं." गेली.

खोटं एक अक्षर बोलले नाही मी. ण असतोच. तरी आज आमटीत मीठ दोनदा पडलं. घाई झाली असेल.

४ फेब्रुवारी, रविवार

आठ ग्रह एका घरात आलेत आणि जग बुडणार म्हणून सगळीकडे जप चाललेत. पोलादपूरहून आलेला प्रत्येक माणूस नवी बातमी आणतो. वर्गाला कोणी येणार नाही असं धरून चालले होते, तर सातही जणी हजर. बनुबाई म्हणाली, बुडायचंच असंल तर नाव तरी लिवून बुडू, वर गेल्यावर विचारतील.

आज जोडाक्षर घेतलं. 'आत्या' हाच शब्द घेतला. आ सुटला, पण 'त्या' कसा कापायचा? अर्धा त एकटा उभा राहीना. बनुबाईने ती अर्धी कपटी तळहातावर घेतली.

"हा आमच्यातलाच हाय गो," ती म्हणाली. "अर्धा हितं, अर्धा मुंबईला. दुसऱ्याला टेकल्याबिगर उभा ऱ्हात नाय."

सगळ्या हसल्या. मग एकेकीने आपापल्या कपट्या सारख्या करायला घेतल्या. सातांपैकी पाच जणींचे घरधनी मुंबईला. मी जोडाक्षर कापायचं नाही असं ठरवलं. 'त्या' नव्या कपटीवर अख्खाच ठेवला.

आवडीने विचारलं, आज तरी ण द्याल का, जग ऱ्हातंय का नाय. मी म्हटलं, ण शेवटी. ण ने कुठलाच शब्द सुरू होत नाही, म्हणून तो शेवटी शिकवायचा असतो.

"मंग ळ नं कंचा सुरू होतो?" बनुबाई म्हणाली. "तो तर तुमी पैल्या दिशी शिकवलात."

मी म्हटलं, साळूबाईच्या नावात होता म्हणून. बनुबाईने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

६ फेब्रुवारी

जग आहे तिथेच आहे.

आज गोमाजीला कार्ड लिहिलं. आवडीच्या नव्हे, माझ्या नावाने. लिहिलं की बाबा रे, तुझी बायको वाचायला शिकली. पुढल्या पत्राच्या शेवटी एवढं लिही: तुझी आठवण येते. नेहमीसारखं. भिकूच्या हातात दिलं. तो पत्ता वाचून म्हणाला, आत्या, आज आवडीबाय नाय आली सांगायला? मी म्हटलं, तू तुझं काम कर.

एक पत्र जरी तसं आलं तरी निभावेल. एकात सापडलं की आधीची अकरा कोण शोधतंय?

१९ फेब्रुवारी

ण मी शिकवला नाही. तिने तो घेतला.

साळूबाईच्या घरी देवाऱ्यावर गणपतीचं चित्र आहे, खाली छापलंय 'श्री गणेशाय नमः'. आवडीला नाव तोंडपाठ. तिने ग ओळखला, शा ओळखला आणि मधलं अक्षर येत नाही म्हटल्यावर ताडलं की मधला तोच असणार. पाटीवर काढून आणला. "ह्योच ना?" वर्गात सगळ्यांना फिरून दाखवला, पहिली भाकर जमलेल्या पोरीसारखी. मात्रा पुसून नुसता ण. किती नीट काढला होता.

माझी शाबासकी ऐकायलासुद्धा थांबली नाही. घरी पळाली.

शाळेत गेलेल्या माणसांना हे कळायचं नाही. झकेरियाशेठच्या वडिलांनी मला सगळी अक्षरं सांगितली होती, पण ज्या दिवशी ती एकमेकांना लागून बोलायला लागली त्या दिवशी मीही अशीच घरी पळाले होते. संदुकीतला कागद काढायला. सरकारी कागद होता तो. घरधनी पहिल्या महायुद्धात पलटणीतून बसऱ्याला गेले, त्याच्या दुसऱ्या वर्षी सासरी आलेला. तलाठ्याने त्या अख्ख्या कागदातला एकच शब्द वाचला होता, बेपत्ता. एवढ्या ओळी आणि शब्द एकच? बाकीच्या ओळींत काय आहे ते आपल्या डोळ्यांनी वाचायचं म्हणून तर मी अक्षरं शिकले. चार वर्षं लागली. कागद उघडला, तर त्यावरची अक्षरंच वेगळी. इंग्रजी.

हसू आलं होतं तेव्हा. अजूनही येतं.

२२ फेब्रुवारी

आवडी दोन दिवस वर्गाला नाही.

२७ फेब्रुवारी

आज आली. पाटी माझ्यासमोर पालथी ठेवली. म्हणाली, आत्या, माझ्यानं होत नाय. पत्रं चारदा पालथी घातली. ण पन शोधला, न पन शोधला. बैल सापडतो, छप्पर सापडतं, खोकला सापडतो. "तेवढंच तेवढं मला दिसत नाय. तुमाला दिसतं, मला दिसत नाय. माजं डोकंच जाड हाय."

सांगायची वेळ होती. आता सांगितलं असतं तर तिची पाटी सुलटी झाली असती. तिचं डोकं जाड नाही, सातांत नव्हे, पंचक्रोशीत तिच्यासारखं डोकं नसेल, हे मला म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "त्याचं अक्षर वाईट आहे गो."

ती मान हलवून उठली. पाटी तिथेच राहिली. तिच्या द्रोणांवरचे दाणे मी सारखे केले आणि बसले. घरी भावजय म्हणाली, कुंकू पसरलंय, पुसून नीट लावा. आरशात बघितलं तर खरंच पसरलं होतं. घाम आला असेल.

५ मार्च

भिकू भर वर्गात कार्ड घेऊन आला. आवडी नव्हती, पण साळूबाई होती. तिने शेजारच्या पोरीला पिटाळून सुनेला बोलावलं. आवडी आली ती पिठाच्या हातांनी. सवयीने उंबऱ्याशी बसली आणि माझ्याकडे बघू लागली.

मी हात पुढे केला. बनुबाईने भिकूच्या हातातलं कार्ड मधल्या मध्ये घेतलं आणि आवडीच्या मांडीवर टाकलं. "दोन म्हैने कपट्या वेचल्यास त्या कशाला? वाच."

मला वाटलं, बरंच झालं. यात तर ती ओळ असणारच. सापडू दे तिची तिला, सगळ्यांच्या समोर. मीच म्हटलं, वाच गो, भिऊ नको.

तिने बोट ठेवलं. एकेक अक्षर सुटं करत, मग जुळवत, ती वाचू लागली. मी तिचं वाचलेलं जसंच्या तसं लिहिते, कारण ते माझ्या कानातून जायचं नाही.

"आईला... औषध दे. तांबड्याच्या खांद्याला हळद लाव. राही आत्यानं... लिवलंय की शेवटी... तुजी आठवन येते असं लिही... नेहमीसारखं. मी असं कदी... लिवलं नव्हतं. पन आत्या वडील मानूस. सांगतात तर... लिवतो. तुजी आठवन येते. छपराचं बघ. कळावे."

न होता. त्याने आठवण न ने लिहिली होती. तिने पहिल्या दिवशी शोधलेलं बरोबर होतं.

वाचण्याच्या भरात पहिल्यांदा तिला अर्थ कळलाच नव्हता. ती पुन्हा वर गेली. तिचं बोट 'कदी'वर थांबलं, मग 'नव्हतं'वर. कोणी हसलं नाही. बनुबाईसुद्धा नाही. साळूबाईला ऐकू कमी येतं, ती विचारत राहिली, काय म्हनतोय गो, काय म्हनतोय?

"औषध घ्या म्हनतोय," आवडी म्हणाली आणि गेली.

६ मार्च

वर्गाला सहा जणी. ण शिकवला.

८ मार्च

चार जणी. बनुबाई म्हणाली, आत्या, माझ्या घरधन्याच्या पत्रात पन तुमी कायबाय घातलं होतं का? मी म्हटलं, नाही. खरंच नाही. बनुबाई म्हणाली, "मंग घालायचंत की. मी काय शोधायला गेली नसती." आणि सुपातली कपटी हातात घेऊन उगाच उलटीसुलटी करत बसली.

१० मार्च

आवडी दुपारी आली, वर्गाच्या आधी. बाराही पत्रं फडक्यात बांधून आणली होती. माझ्यासमोर सोडली. मला वाटलं, आता बोलेल काय बोलायचं ते. मी तयार होते.

तिचा आवाज चढला नाही. म्हणाली, पत्रं तीन वर्सं उशाशी घेऊन निजले. ते वाक्य कंच्या पत्रात कुठं असंल ते मी ठरवून ठेवलं होतं. डाव्या अंगाला, खाली. तिथं हात ठेवून निजायची. "तिथं 'कळावे' हाय, आत्या."

मी म्हटलं, चुकलं माझं. तुझं तोंड बघवेना.

"त्याचं नव्हतं, ते कळलं," ती म्हणाली. "माजंबी नव्हतं, मी तर तुमाला बैलाचंच सांगायची लिवायला. मंग ते होतं कुनाचं?"

असं काही कोणी विचारील असं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी म्हटलं, कुणाचं असायचंय, पत्रात लिहितात तसं. ती म्हणाली, तुमाला कुनी लिवलं होतं? मी म्हटलं, मला कोण लिहिणार? बसऱ्याहून पत्र आलं तर सासरच्या पत्त्यावर येईल, ते इकडे पाठवा असं मी पोस्टात सांगून ठेवलंय. तीन पोस्टमन बदलले, तिघांनाही सांगितलंय. त्यात काय असतं ते मला कसं ठाऊक? पण काहीतरी शेवटी असतंच ना. कोरं कसं ठेवील माणूस?

ती माझ्याजवळ सरकून बसली. मग सरकारी कागदाचं विचारलं. वाडीत सगळ्यांना माहीत आहे तो. म्हणाली, "गुरुजींना इंग्रजी येतं. त्यांना दावला नाय कदी?"

राहून गेलं, मी म्हटलं. आणि खरंच राहूनच गेलं. गुरुजी येतात ते घाईत असतात.

आवडीने माझ्याकडे असं पाहिलं की जशी ती मोठी आणि मी लहान. मग पत्रांचं फडकं बांधलं आणि म्हणाली, "एक कोरं कार्ड हाय का तुमच्याकडं?"

११ मार्च

कार्ड तिने इथेच बसून लिहिलं. माझ्याकडे पाठ करून नव्हे, समोरच. आधी काय लिहायचं ते द्रोणांतून वेचून जमिनीवर लावलं, कोऱ्या कपट्यांसकट. एका कपटीवरून बोट उचलायचं, मग कार्डावर तेवढंच अक्षर काढायचं. ओळ वर चढत गेली, ते चालायचंच. सगळा वेळ जीभ दातांत.

जमिनीवर लावलेलं मला दिसत होतं:

आठवन येत असल तर या. नाय तर लिवू नका.

आठवन मध्ये ण हवा. नाय नव्हे, नाही. लिवू नव्हे, लिहू. दोन महिने मी हेच तर शिकवलं. माझा हात ण च्या द्रोणाकडे गेलासुद्धा. तिने तो जाताना पाहिला.

"नाय आत्या," ती म्हणाली. "मी बोलते तसंच जाऊ द्या. नायतर त्याला वाटंल, तुमीच लिवलंय."

मी हात मागे घेतला. मला म्हणायचं होतं, असं तोडून लिहू नको, शिमगा तोंडावर आलाय, पुरुषाला राग आला तर? नाही आला तर? तोंडात आलेलं गिळलं. शेवटी मी काहीतरी गोड घालायला सांगणार होते, आणि त्याचं काय होतं ते तीन वर्षांत पाहिलंय.

कार्ड तिने स्वतः नेऊन भिकूला दिलं.

१५ मार्च

मुंबईची माणसं शिमग्याला यायला लागली. बनुबाईचा घरधनी काल आला. आवडी वर्गाला रोज येते, तिच्या तोंडावर काहीच दिसत नाही. मलाच जेवण जात नाही.

१९ मार्च, सोमवार

उद्या होळी.

आवडीला विचारलं, पोलादपूरला जायचं का, महाडहून दुपारची एस.टी. येते. म्हणाली, मला काम हाय. मग मीच गेले. खडू संपलेत, आणायचेच होते.

गाडी आली ती गच्च भरून, टपावर ट्रंका. माणसं उतरताना मी एकेक तोंड बघत होते. गोमाजी उतरला. अंगाने सुकलाय. मला बघून थबकला, पाया पडला आणि इकडेतिकडे बघून म्हणाला, "ती नाय आली?"

मी म्हटलं, तिला काम आहे.

तो पिशवी ह्या हातातून त्या हातात घेत राहिला. मग विचारलं, कार्ड तिनंच लिवलं का. तिनेच, मी म्हटलं, एक अक्षर माझं नाही. त्याने खिशातून ते कार्ड काढलं. घडी पडून पडून मधे फाटायला आलं होतं. एवढंसं दोन ओळींचं कार्ड, त्याला घडी कशाला घालायची?

मला राहवलं नाही. म्हटलं, "गोमाजी, तीन वर्षं बैलाचंच लिहीत होतास रे. एक शब्द तिच्यासाठी घालायला काय झालं होतं तुला?"

तो खाली बघून पायाने माती उकरत होता. एवढा बाप्या, पण कान लाल झाले.

"कसं लिवनार आत्या," तो म्हणाला. "वाचनार तुमी."

तीन वर्षं मी पत्राच्या आणि तिच्या मधे बसले होते, आणि मला वाटत होतं मी पोचवतेय.

म्हटलं, जा आता. वाट बघत असेल. तो निघाला, आधी चालत आणि पुढे वळणावर पळत. मी तिथूनच बघत होते.

गाडी रिकामी व्हायची होती. मागच्या बाकावर एक म्हातारा बाप्या होता, डोक्याला मळका फेटा, त्याला उतरायला वेळ लागत होता. कंडक्टरने हात दिला. कुठल्या गावचा म्हणून विचारलं, तर कशेडीच्या पलीकडे जायचंय म्हणाला. मग ड्रायव्हर उतरला. कंडक्टरने आत वाकून बघितलं आणि दार लावलं. मला म्हणाला, आजी, संपली माणसं, कोणाला बघताय? मी म्हटलं, कोणाला नाही, मी खडू घ्यायला आलेय.

घरी येईपर्यंत ऊन उतरलं. आवडीच्या घरून बोलण्याचा आवाज येत होता. दोघांचा.

खडू घ्यायचे विसरूनच आले. उद्या दुपारच्या गाडीच्या वेळेला पुन्हा जावं लागेल.